ढोलाची मुकी बाजू

पुणे,
६ जानेवारी २०२४

बजरंग,

तुझा फोन दसऱ्यापासून बंद आहे. अंजलीवहिनी उचलत नाहीत. खेमादादाचा नंबर माझ्याकडे नाही. म्हणून पत्र. याआधी मी पत्र लिहिलं ते शाळेत, मुख्याध्यापकांना, आजारी असल्याचं. तेही खोटं होतं.

थोडक्यात सांगतो. आपला 'मोंढा' बँड बंद होतोय. दिपकला मस्कतला नोकरी लागली, जूनमध्ये जाणार. बेस गिटार नेणार का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तिथं ऐकवू कुनाला, उंटाला?" हसला आणि मग बराच वेळ हसला नाही. तू सोयाबीन काढायला म्हणून गावी गेलास तो परत आला नाहीस. मी एकटा म्हणजे बँड नाही.

पण जाण्याआधी एक अल्बम करायचा. चौथा आणि शेवटचा. आठ गाणी. इथली एक छोटी कंपनी स्टुडिओ द्यायला तयार आहे. गिटार, बेस आणि माझं गाणं इथं होईल. राहिले ड्रम. कंपनीचा माणूस म्हणतो, मुंबईचा एकजण आहे, दोन दिवसांत सगळं वाजवून जाईल. मी नाही म्हणालो. पण मेच्या आत काम संपलं पाहिजे, आणि तू नुसता गप्प राहिलास तर माझं 'नाही' किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

काल हिंगोलीची आठवण आली. आडतीच्या मागची खोली, हळदीची पोती. आवाज बाहेर जायचा नाही म्हणून आपण तिथं वाजवायचो. फंक संगीत म्हणजे काय ते त्या पोत्यांना आपल्याआधी कळलं असेल. हमाल दारात उभे राहून विचारायचे, "भाई, गाना कब शुरू होता?" बाबांनी आडत विकली तेव्हापासून मी तिकडे आलेलो नाही. कुणाकडे येणार?

कळव. काय ते एकदा कळव.

दत्ता

•

डोंगरकडा,
१९ जानेवारी २०२४

दत्ता,

पत्र मिळालं. बोटाला लागलंय, म्हणून अंजली लिहून राहिली. मी सांगतो, ती लिहिते.

मुंबईचा माणूस नको. शेवटचं हाये तर मीच वाजवणार. दुसरं कुणी बसवलंस तर माझं नाव कुठंच टाकू नको, मागच्या तिन्हीवरून पण काढ.

तिथं येणं जमणार न्हाई. बाबा मेंढरं घेऊन पूर्णेच्या अंगानं गेलेत, खेमादादा त्यांच्यासंगं. घरी मी हाये. कडब्याच्या खोलीत ड्रम लावलेत. आपलं जुनं रेकॉर्डर माझ्याकडंच हाये, दोन माईक हायेत. तू गिटार आन बेस मेमरी कार्डावर पाठव. मी त्यावर वाजवतो आन कार्ड परत पाठवतो. इथून फाईल जात न्हाई, अर्ध्यात तुटते.

फोन चालू करणार न्हाई. फोनवर तू बोलत राहतोस आन मी व्हय व्हय म्हणत राहतो. पत्रात बरं हाये.

आन येऊ नको. कुणाला पाठवूही नको. काम झालं की बघू.

बजरंग

•

पुणे,
२८ जानेवारी २०२४

बजरंग,

तू वाजवतोस, बास. बाकी तुझ्या सगळ्या अटी मान्य. वहिनींना सांग, अक्षर फार छान आहे. तुझं अक्षर वाचायला आम्हाला मेडिकलवाला लागायचा. तुझं बोट बरं झालं तरी त्यांनाच लिहू दे.

कार्ड सोबत आहे. पहिली दोन गाणी, 'पाणीपाळी' आणि 'काटा'. 'काटा' आपलं मोंढ्यातलंच, वजनाच्या काट्याचं. त्यात मध्ये मी आणि दिपक थांबतो आणि तू एकटा वाजवतोस, तो तुकडा आठवतो ना? तिथं तुला जे करायचं ते कर. एरवी मात्र तेच सांगणं, जे अकरा वर्षं सांगतोय. कमी वाजव. तुझे हात म्हणजे पत्र्यावरच्या गारा. फंक ठोक्यात नसतो, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत असतो. ती जागा तू कधी रिकामी ठेवलीच नाहीस. शेवटच्या वेळी तरी ऐक.

दिपक म्हणतो, "ह्याला किती सांगशील, ह्याच्या हाताला खाज हाये."

दत्ता

•

डोंगरकडा,
३ मार्च २०२४

दत्ता,

दोन्ही गाणी पाठवून राहिलो. वेळ लागला. 'पाणीपाळी' बराबर झालंय असं वाटतं. 'काटा'मधला एकट्याचा तुकडा मोकळा सोडलाय. तो मोकळाच ठेव.

बाबा मधी चार दिवस घरी आले होते. त्यांनी काय केलं सांगतो, हसशील. मी खोलीत 'पाणीपाळी' वाजवत होतो. दार उघडून उभे राहिले. म्हणाले, "घरात कोण मेलं रे?"

तुला माहीत नसंल. आमच्या ढोलाला दोन तोंडं. उजवीकडं टिपरू, म्हंजे वाजवायची काडी, डावीकडं हाताची थाप. बिरोबाच्या जत्रंत दोन्ही वाजतात, लग्नात दोन्ही. टिपराची बाजू मुकी ठेवून नुसती थाप वाजवायची ती फक्त मयतापुढं. थोरला लेक मडकं धरतो, धाकटा ढोल; म्हंजे आमच्यात खेमादादा आन मी. एरवी एका बाजूनं ढोल वाजवला तर म्हातारी माणसं अंगावर येतात.

मी म्हणालो, बाबा, ही पुण्याची पद्धत हाये. तर म्हणाले, "पुण्यात रोज मरत असतील. आपल्या घरात नको."

आता ते मेंढरांकडं गेले की वाजवतो.

बजरंग

•

पुणे,
१२ मार्च २०२४

बजरंग,

कुठून सुरुवात करू?

'पाणीपाळी' लावलं. दिपक खुर्चीत होता, मी उभा. ते संपलं. परत लावलं. मग दिपक म्हणाला, "हा बजरंग न्हाई. ह्याचा थोरला भाऊ वाजवून राहिला."

अकरा वर्षं मी ज्यासाठी घसा कोरडा केला ते तू कडब्याच्या खोलीत बसून केलंस. हायहॅट तू जवळजवळ काढूनच टाकलास. नुसती पायानं उघडझाप, त्या दोन झांजा मिटल्याचा एक 'चिक्', मग काही नाही. स्नेअर ड्रमचा ठोका येतो तो इतका उशिरा आणि इतका एकटा, की दिपकचा बेस त्याच्याकडे चालत गेल्यासारखा वाटतो. आणि मधली जागा! त्या जागेत माणूस राहू शकेल.

तुझ्या बाबांना, नामाजीकाकांना सांग, हे मयताचं नाही. गेल्या अकरा वर्षांतलं आपलं हे सगळ्यात जिवंत वाजवणं आहे.

तुला काय झालं तिकडं? वय झालं? लग्नाचा परिणाम? काहीही असो, असाच रहा. उरलेली सहा गाणी कार्डावर आहेत. सगळी अशीच हवीत. फक्त 'काटा'मधला एकट्याचा तुकडा पाहिजे. तिथं गारा पडू देत. इतक्या शांततेनंतर पडल्या तर छत उडेल.

शेवटचा अल्बम चांगला होणं ही किती वाईट गोष्ट आहे.

दत्ता

•

डोंगरकडा,
६ एप्रिल २०२४

दत्ता,

सहाही गाणी सोबत हायेत. हळद शिजवायचं चालू होतं, घरात माणसं होती, म्हणून मधी मधी थांबावं लागलं. तिसऱ्यात लांब कुठंतरी कढईचा आवाज येतो, तो राहू दे.

'काटा'चा तुकडा देणार न्हाई. तुझी जागा तूच म्हणालास ना, रिकामी ठेव म्हणून. तिथं काही नको. तुमी दोघं थांबता, मी पण थांबतो. मग दिपक सुरू करंल.

तुझं पत्र वाचलं. बरं वाटलं.

बजरंग

•

पुणे,
१८ एप्रिल २०२४

बजरंग,

आठही गाणी कंपनीच्या माणसाला ऐकवली. सरळ लिहितो. त्याला आवडलं नाही. म्हणाला, पोकळ वाटतं, कच्चं वाटतं. एक-दोन गाण्यांत ठीक, आठात नाही. मी भांडलो. दोन तास भांडलो. मग तो हसत म्हणाला, "एका हातानं वाजवलंय काय याने?"

मला राग आला. पण घरी येऊन परत ऐकलं, आणि आता मलाही ते ऐकू येतं. एकदा कुणी म्हटलं की कानातून जात नाही. 'पाणीपाळी'त जे मोठेपण वाटलं ते पाचव्या-सहाव्या गाण्यापर्यंत आळस वाटायला लागतं. हायहॅट कुठंच नाही. एक लांब रोल नाही. 'काटा'चा तुकडा तर तू दिलाच नाहीस. कारण देतोस तेही माझंच वाक्य माझ्यावर फेकून.

तुला हे करायचं नव्हतं तर जानेवारीत सांगायचं. लोक म्हणतील, शेवटी शेवटी बजरंग दमला. मला ते ऐकायचं नाही. चार गाणी परत वाजव. पूर्वीसारखी. दोन हात आहेत ना तुला? मग वापर.

महिनाअखेरपर्यंत कार्ड आलं नाही तर मला इथं काहीतरी करावं लागेल.

दत्ता

•

डोंगरकडा,
४ मे २०२४

दत्तप्रसाद भाऊजींना,
अंजलीचा नमस्कार.

आजवर मी यांनी सांगितलेलं लिहिलं. हे पत्र माझं आहे. यांना माहीत नाही. घरातून पोस्टात जाता येत नाही, म्हणून अंगणवाडीतून देते आहे. उत्तर पाठवायचं तर अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवा. मी तिथं सेविका आहे.

यांना उजवा हात नाही.

दसऱ्याच्या आधी सोयाबीनचं खळं चालू होतं. टरफलं टोचतात म्हणून यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. मळणीयंत्रात सोयाबीन सारताना बाही ओढली गेली. यंत्र थांबेपर्यंत हात कोपरापर्यंत आत होता. नांदेडला नेलं. कोपराच्या वरून काढावा लागला. फोन त्या दिवसापासून बंद आहे. मलाही तुमचा फोन घ्यायचा नाही असं त्यांनीच सांगितलं होतं.

डिसेंबरपर्यंत ते कुणाशी बोलत नव्हते. मामंजी मेंढरं घेऊन गेले ते यांच्याकडे बघवत नाही म्हणून गेले. मग तुमचं पहिलं पत्र आलं. पत्र घेऊन ते खोलीत गेले आणि ड्रमवरची धूळ पुसायला लागले. मी म्हणाले, भाऊजींना सांगा, ते समजून घेतील. तर म्हणाले, "समजून घेईल म्हणूनच सांगायचं न्हाई. त्याला कळलं की तो माझी दया करून वाजवू देईल. मग मला कधीच कळणार न्हाई, की मी वाजवलं का त्यानं चालवून घेतलं."

त्यांना फक्त तेवढं पाहिजे होतं. हात न बघता, नुसत्या कानानं तुम्ही हो म्हणावं.

दोन्ही पाय आणि डावा हात, एवढ्यावर त्यांनी सगळं परत बसवलं. माईक मी लावायचे, हेडफोन त्यांच्या कानावर मी ठेवायचे. एक-एक गाणं पंधरा-वीस वेळा. तुमचं मार्चचं पत्र आलं त्या दिवशी ते पोटभर जेवले. रात्री मला म्हणाले, "दत्ताला कळलं न्हाई. त्याला आवडलं." अपघातानंतर मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

एप्रिलचं पत्र त्यांनी स्वतः वाचलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, खांद्याखाली जे उरलंय त्याला काठी बांध. मी बांधली. 'काटा' लावलं. त्यांनी तो एकट्याचा तुकडा वाजवायला घेतला. जखम उघडली. ते थांबले नाहीत, मी रेकॉर्डरची वायर ओढली तेव्हा थांबले. आता औषध चालू आहे, ताप उतरला आहे. कार्ड येणार नाही.

तुम्हाला काही मागायचा मला हक्क नाही. तरी मागते. त्यांनी पाठवलेलं आहे तसं राहू द्या. ज्या जागा रिकाम्या आहेत त्या भरू नका. आणि मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका.

अंजली

•

पुणे,
६ मे २०२४

बजरंग,

कार्ड आलं नाही. पत्रही नाही. मी चिडलो होतो, आता नाही, कारण काम झालं आहे. ऐकशील तेव्हा तूही चिडणार नाहीस.

मुंबईचा माणूस बोलावला नाही. शब्द पाळला. मशीनही लावलं नाही. आपल्या जुन्या तीन अल्बमांच्या मूळ फाईली माझ्याकडे होत्या. त्यातून तुझा उजवा हात काढला. हायहॅटचा एक-एक ठोका वेगळा कापला, वेग जुळवला आणि नव्या गाण्यांत बसवला. पाच दिवस मी आणि इथला इंजिनिअर, दुसरं काही केलं नाही. 'काटा'च्या तुकड्यात तर तिसऱ्या अल्बममधला तुझा तो लांब रोल जसाच्या तसा बसला, जणू त्याच्यासाठीच वाजवला होतास.

म्हणजे सगळं तूच आहेस. डावा हात यंदाचा, उजवा हात जुना. दुसऱ्या कुणाचं एक बोट त्यात नाही. आता तक्रार करायची तर स्वतःची कर.

कंपनीच्या माणसाला आवडलं. शुक्रवारी ७ जूनला अल्बम येतो. कार्ड सोबत आहे. स्पीड पोस्टनं पाठवतोय. नामाजीकाकांनाही ऐकव, यात कुणी मेलेलं नाही.

दत्ता

•

पुणे,
११ मे २०२४

अंजलीवहिनी,

तुमचं पत्र आज मिळालं. माझं कार्ड एव्हाना तिथं पोचलं असेल. ते पोचायच्या आत तुमच्या हाती पडेल असं काही मी पाठवू शकत नाही.

तुम्ही म्हणालात जागा भरू नका. मी भरल्या. सगळ्या. ज्या हातानं भरल्या तो कुणाचा हे तुम्हाला मी त्याला लिहिलेल्या पत्रातून कळेल. मला ते इथं पुन्हा लिहिता येत नाही.

दिपकला पत्र वाचून दाखवलं. त्यानं बेसच्या तारा सैल केल्या, एक-एक करून, आणि गिटार खोक्यात ठेवली. दारात थांबून म्हणाला, "आपुन तिघं अकरा वर्षं एका खोलीत वाजवलं. आन आपल्याला ऐकू आलं न्हाई?"

मी लगेच कंपनीत गेलो. म्हणालो, बजरंगनं पाठवलं तसंच बाहेर येऊ दे. कारण सांगावं लागलं. त्या माणसानं ऐकून घेतलं. मग उठून दार लावलं आणि म्हणाला, "ही तर केवढी गोष्ट आहे! आधी का नाही सांगितलं?" आता तो जुनं लावायला तयार आहे. एका अटीवर. हे सगळं लोकांना सांगायचं. पोस्टरवर बजरंगचा फोटो, रिकाम्या बाहीचा. तुमच्या खोलीत येऊन चित्रीकरण. कालपर्यंत जे त्याला पोकळ वाटत होतं, ते आज त्याला ऐकताना भरून येतं म्हणे.

म्हणजे दोनच गोष्टी होऊ शकतात. दोन हातांचं खोटं, किंवा बजरंगला जे नको होतं ते, सगळ्या जगासमोर. तिसरी गोष्ट, अल्बमच रोखायचा. तेही मी करीन. ते माझ्या हातात आहे.

मला ठरवता येत नाही, आणि ठरवायचा हक्क माझा नाही. त्याला विचारायचं तर तुम्ही मला सांगितलं हे त्याला सांगावं लागेल. ते तुमच्यावर सोडतो. एक शब्द कळवा. मी आणि दिपक निघून तिथं येऊ का, तेही कळवा. नको म्हणालात तर येणार नाही.

मार्चमध्ये मी जे लिहिलं ते खरं होतं. तेवढं त्याला कोणीतरी सांगा.

दत्तप्रसाद

•

डोंगरकडा,
२८ मे २०२४

दत्ता,

हे मी लिहून राहिलो. डाव्या हातानं. अक्षर लेकराचं वाटंल. लहान लिहायला जमत न्हाई, कागद जास्त लागतो.

अंजलीनं सगळं सांगितलं, तुझं पत्र बी दाखवलं. मी तिला काही बोललो न्हाई. तुला बी काही बोलणार न्हाई. लपवलं मी.

तुझं कार्ड आलं तवा घरी एकटाच होतो. हेडफोन लावला. पहिल्याच गाण्यात ओळखला. माझा उजवा हात. 'पाणीपाळी'त हायहॅट लावलाय तो दुसऱ्या अल्बमच्या पहिल्या गाण्यातला हाये. तवा काडी चिरली होती, मी बदलली न्हाई, तू शिव्या दिल्या होत्या. ती चिरलेली काडी ऐकू येते. आठही ऐकली. 'काटा'च्या तुकड्याला मी मांडीवर हात वाजवायला गेलो. डावा वाजला. उजवा कानात वाजला. मग कार्ड काढून ठेवलं.

तुला लिहिणार होतो, रोख म्हणून. अंजलीनं कागद आणला होता.

त्याच्या आधी बाबा आले. पाऊस लागायच्या आत मेंढरं घेऊन आले, औंदा थकून आले. त्यांच्याकडं रानातला रेडिओ हाये, छोटा, त्याला कार्ड लागतं. माझ्या उशापासचं कार्ड त्यांनी उचललं आन लावलं. मी खाटेवर पडून होतो. मला वाटलं आता म्हणतील, कोण मेलं.

ते भिंतीला टेकून बसले. एक गाणं झालं, दुसरं झालं. त्यांना तुझं गाणं कळत न्हाई, तुझा आवाज त्यांना शेळीसारखा वाटतो, आधीपासून. ते ड्रम ऐकत होते. मग आईला हाक मारली. "यशोदे, इकडं ये. ऐक. दोन्ही बाजू वाजून राहिल्या."

आई आली. हात पिठाचे होते. उभी राहून ऐकलं. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. रेडिओकडं बघत होती.

त्यांना माहीत हाये दत्ता. ते काही खुळे न्हाईत. हात कुठं गेला ते बाबानं खळ्यावर स्वतः बघितलंय. पण त्यांनी मला विचारलं न्हाई, हे कसं वाजवलं म्हणून. आन मी सांगितलं न्हाई.

आता रोज लावतात. रानात घेऊन जातात. बांधावर कुणी भेटलं की म्हणतात, "आमचा बजरंग हाये, ऐक." लोक थांबून ऐकतात. रेडिओकडं बघतात, माझ्याकडं बघत न्हाईत. परवा देवला आत्या आली होती, तिला पण ऐकवलं. ती म्हणाली, "जत्रंतला वाटतो रे." बाबा म्हणाले, "मग!"

बाबा लावतात तवा मी मागच्या दारानं विहिरीकडं जातो. तिथंवर ऐकू येतं.

तर असं कर. बदलू नको. रोखू नको. पोस्टर नको, फोटो नको, त्या माणसाला इथं आणू नको. आणलास तर बाबाला सगळ्यांसमोर ऐकावं लागंल की तो हात जुना हाये. नाव ठेव, पहिल्यासारखं. ड्रम, बजरंग.

मी पाठवलेली आठ कुणाला ऐकवू नको. दिपकला मागावी वाटली तर दे. मस्कतला नेऊ दे. तिथं कुणी विचारणार न्हाई. तुमी दोघं आत्ता येऊ नका. पुढं बघू.

मार्चचं तुझं पत्र ठेवलंय. ते तू नुसतं ऐकून लिहिलं होतंस. ते मला मिळालं, ते आता कुणी काढून घेऊ शकत न्हाई.

ड्रम खोलीतून काढले, कडबा भरायचाय. खेमादादानं आढ्यावरचा ढोल खाली घेतला, पावसाळ्याआधी तेल लावायला. बाबा आता लांब चालत न्हाईत. ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "बजा, थाप मारून बघ, ढिला झाला का." मी गळ्यात अडकवला. डाव्या हातानं एकच मारली. दादानं माझ्याकडं बघितलं. बाबानं मान हलवली, बराबर हाये म्हणून.

वेळ आली की मडकं दादा धरंल. ढोल मला धरावा लागंल. टिपराची बाजू मुकी ठेवायची असते. त्याला एक हात पुरतो.

बजरंग